तारीख न टाकलेल्या ताटल्या

अण्णा, मी परदेशात जाऊन लोकांची थडगी बघत फिरले हे तुमच्या कानावर घातलं असतं, तर तुम्ही आधी पोट धरून हसला असतात आणि मग एकदम गंभीर होऊन विचारलं असतंत, "आक्षर कसं व्हतं?" दुसरं काही नाही. जहाज केवढं होतं, जेवायला काय मिळालं, बोट लागली का, यातलं काही तुम्हाला सुचलं नसतं. म्हणून आधी तेच सांगते. अक्षर चांगलं होतं. काही दगडांवर तर इतकं चांगलं की मी उकिडवी बसून ते बोटानं गिरवून पाहिलं. होतं इंग्रजीत, पण कोणाचा हात चांगला आणि कोणी नुसतं उरकलंय हे कळायला भाषा लागत नाही. हे तुमच्याच टेबलाशी बसून शिकले आहे.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीतली सहा जोडपी मिळून यंदा सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर गेलो. तुमच्या जावयांना हौस, मला रजा शिल्लक. जहाज म्हणजे आमची आख्खी बी विंग पाण्यात ढकलून दिल्यासारखं होतं, लिफ्टसकट. तिसऱ्या दिवशी ते पेनांगला लागलं आणि संध्याकाळपर्यंत उतरायची मुभा मिळाली. नाश्त्याच्या टेबलावर बेत ठरायला लागले. कोणाला डोंगरावरचं देऊळ बघायचं होतं, कोणाला चॉकलेटं घ्यायची होती. मी म्हटलं, इथं इंग्रजांच्या वेळची जुनी दफनभूमी आहे, मी तिकडे जाऊन येते. आमच्यात वयानं मोठ्या असलेल्या, चौथ्या मजल्यावरच्या काकू आहेत. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, एवढे पैसे भरून मसणात जायचं?" यांनी माझी बाजू सावरली. म्हणाले, "तिला नाद आहे काकू. खडकीची, पुणे कॅम्पातली, सगळी कबरस्तानं पालथी घातलीत तिनं. इतिहासाची आवड."

इतिहासाची आवड. मीही सगळ्यांना असंच सांगते. चारपाच वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला आणि रविवारी सकाळी असल्या जागी जायला लागले. लोक थडग्यांचे कळस काढतात, परीचे पुतळे काढतात, वेली काढतात. मी फक्त अक्षरं काढते. हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही, आणि का काढते ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्या गावात मोठ्या रस्त्याला लागून दोन दफनभूम्या आहेत, एकीला चिकटून दुसरी. आत गेल्यावर रस्त्याचा आवाज कमी झाला. चाफ्याची म्हातारी झाडं, खाली पडलेली पांढरी फुलं आणि त्यांच्यामधून ओळीनं थडगी, काही उंच, काही खचलेली, काही शेवाळानं काळी पडलेली. जहाजांचे कप्तान, व्यापारी, त्यांच्या बायका आणि लहान मुलं, फार लहान मुलं. घरापासून इतक्या लांब येऊन गेलेली माणसं. मी पिशवी खाली ठेवते, कॅमेरा काढते आणि पर्समधला आरसा काढते. झिजलेलं अक्षर समोरून टिपलं तर फोटोत उमटत नाही, उजेड बाजूनं यावा लागतो. आरशानं ऊन तिरकं दगडावर टाकलं की अक्षराला सावली येते आणि नाव वर येतं. हे मला कोणत्या फोटोग्राफरनं शिकवलेलं नाही. तुम्ही ताटली कोरून झाली की ती उचलून उन्हाकडे तिरपी धरायचात, एक डोळा मिटायचात आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचात, "आता बोलतंय."

तुमचं ते टेबल अजून डोळ्यांसमोर आहे. पिंपरीच्या मार्केटात, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीला लागून, वर निळा कागद बांधलेला. नाव टाकायचं छोटं मशीन, दुकानातून ओढलेली वायर, पोत्याची घडी घातलेली बैठक. चाकणकडच्या गावातून तुम्ही आलात तेव्हा कंपनीत लागायचं म्हणून आला होतात, आणि दुकानाच्या शेठनं दोन दिवसांसाठी म्हणून बसवलं ते तीस वर्षं तिथेच बसलात. शाळा सुटली की मी तिथे येते, दप्तर पायरीवर टाकते आणि गिऱ्हाइकाचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तुमच्यासमोर धरते. लग्नाची भांडी, बारशाच्या वाट्या, रुखवताचे हंडे. आणि ज्यांना तुम्ही वेगळं बाजूला ठेवायचात ती, कुणाच्या तरी स्मरणार्थ वर्षश्राद्धाला वाटायची भांडी. त्या कामाला बसताना तुम्ही चप्पल काढायचात आणि काम पुरं होईपर्यंत चहा घ्यायचा नाहीत. नाव कधी ताटलीच्या मधोमध टाकायचा नाहीत, काठावरच. एक गिऱ्हाईक हट्टाला पेटलं होतं, मधेच टाका, मोठं दिसेल. तुम्ही मशीन बंद केलंत आणि म्हणालात, "मधी टाकल्यावर त्येंच्या नावावर भाजी वाढनार का तुमी?" त्यानं स्वतःच काठावर बोट ठेवलं.

मीही तेव्हा कोरायला लागले होते. तेरा-चौदा वर्षांची असेन. तुम्ही कौतुकानं गिऱ्हाइकांना सांगायचात, पोरीचा हात माझ्यासारखा हाय. एकदा एक वयस्कर गृहस्थ बायकोच्या नावाचे डबे घेऊन आले, तुम्ही दुसऱ्या कामात होतात म्हणून मी करायला घेतले. त्या दिवशी शाळेत गॅदरिंगची तालीम झाली होती आणि गाणं तोंडात बसलं होतं. मी कोरता कोरता गुणगुणत होते. तुम्ही उठलात, माझ्या हातातून मशीन काढून घेतलंत, उरलेले डबे स्वतः केलेत, आणि ते गृहस्थ गल्लीच्या टोकाला दिसेनासे होईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मग म्हणालात, "त्यो मानूस तिचं नाव बघत उभा व्हता, आन् तू गानं म्हनत व्हतीस." मारलं असतंत तर परवडलं असतं. मी आठ दिवस मशीनला हात लावला नाही. नवव्या दिवशी तुम्हीच एक साधी वाटी पुढे केलीत आणि म्हणालात, टाक नाव, रुसून पोट भरत न्हाई.

हे सगळं त्या चाफ्याखाली आठवत होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी फोटो काढत होते आणि स्वतःवर खूश होते. एका चांगल्या दगडाचा फोटो तिथूनच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की हातानं कोरलेलं प्रत्येक अक्षर म्हणजे त्या माणसाचा श्वास असतो, ते जपलं पाहिजे. पाच मिनिटांत वीस अंगठे आले. काय सुंदर विचार मॅडम, असं एकानं लिहिलं. मी ते दोनदा वाचलं.

तिथे झाडलोट करणारा एक म्हातारा होता. त्याचे आजोबा तमिळ मुलखातून आले होते म्हणे. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. मी आरसा घेऊन बसलेली बघून तो पाण्याचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, आरसा नको, पाणी टाका, मग बघा. त्यानं एका काळपट दगडावर पाणी ओतलं. ओल्या दगडावर नाव उमटलं. नवऱ्याचं नाव, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख. त्याखाली, आणि त्याची पत्नी. तिचं नाव, तिची जन्मतारीख, पुढे मृत्यू असा शब्द कोरलेला आणि त्याच्यापुढे काही नाही. नुसता गुळगुळीत दगड. मला वाटलं झिजलं असेल. मी बोट फिरवलं. झिजलेलं नव्हतं. तिथे कधी काही कोरलंच नव्हतं.

मी त्याला विचारलं, असं का? तो म्हणाला, "नवरा गेला तेव्हा दोघांचा दगड एकदमच केला असेल. तारीख राहिली."

"मग ती गेल्यावर कोणी टाकली का नाही?"

"कोणी येऊन सांगायला पाहिजे ना. दगड तर तयार होता." एवढं बोलून तो झाडू घेऊन पुढच्या ओळीत गेला.

अण्णा, तुमच्या चाळीस ताटल्या माझ्या घरात पोटमाळ्यावर, गाद्यांच्या मागे पोत्यात पडल्या आहेत. हे मी विसरले होते असं नाही. त्या तिथे आहेत हे मला रोज माहीत असतं, जसं दाढ किडलीय हे माहीत असतं आणि आपण दुसऱ्या बाजूनं चावतो.

तुम्ही मला रावेतला बोलावून घेतलंत तो रविवार होता. तेव्हा तुम्ही आणि आई भाऊच्या नव्या फ्लॅटवर राहायला गेला होतात, टेबल सुटून दोन वर्षं झाली होती आणि उजवा हात थरथरायला लागला होता. चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांनी धरायचात आणि आईचं लक्ष गेलं की थंडी वाजतीय म्हणायचात. त्या दिवशी आई दुपारच्या भजनाला खाली गेल्यावर तुम्ही पलंगाखालून पोतं ओढलंत. जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेली. मी एक उघडली. काठावर लिहिलं होतं कै., पुढे तुमचं नाव, यांच्या स्मरणार्थ. खाली दि. असं, आणि पुढे मोकळं.

"हे काय अण्णा?"

"माझ्या वर्षश्राद्धाच्या."

"काहीतरीच बोलू नका."

"आगं, आख्ख्या पिंपरीची केली म्या. माझी कोन करनार मंग? तारीख तेवढी तू टाक. ती मला कशी ठावं आसनार?" तुम्हाला स्वतःच्या बोलण्याचं हसू आलं. मग खिडकीतून खाली बघून आवाज बारीक केलात. "आईला आत्ता दावू नको. नावाआधी कै. बघितलं तर घर डोक्यावर घेईल ती."

मी ताटली उजेडात धरली. तुमच्यासारखीच, तिरपी. अक्षरं सरळ नव्हती. काना मधेच वळला होता, मात्रा घसरली होती, आणि हात आवरायला तुम्ही मशीन इतकं दाबलं होतंत की जागोजागी धार उठली होती. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात.

"वाकडी झाली न्हवं?"

"नाही अण्णा, छान आहेत."

"खोटं बोलतीस," तुम्ही म्हणालात. रागानं नाही. "आसू दे. हात आता आसाच हाय. हाय तसा दिला."

त्यानंतर पाचव्या महिन्यात तुम्ही गेलात. पोतं मी त्याच रविवारी गाडीत घालून घरी आणलं होतं. तारीख टाकायला माझ्याकडे वर्ष होतं, अण्णा, आख्खं वर्ष. तुमचं मशीन माझ्याकडे, हात तुम्ही शिकवलेला, एका ताटलीला दोन मिनिटं. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं तेव्हा मी पोतं खाली काढलं, सगळ्या ताटल्या डायनिंग टेबलावर मांडल्या आणि ट्यूबलाइटखाली एकेक बघितली. कशी बघितली ते सांगायला लाज वाटते. चाकणला कंपनीत तपासणीला आलेले पार्ट बघते तशी बघितली. खोली जास्त, धार राहिलेली, रेषा वाकलेली. माझ्या सासरचे येणार होते, भाऊच्या ऑफिसचे येणार होते, आमचे प्लांट हेड येतो म्हणाले होते. आणि मार्केटातले सगळे जुने दुकानदार, ज्यांनी तुमचं अक्षर तीस वर्षं बघितलेलं. मला वाटलं, लोकांच्या घरात शेवटचं तुमचं हेच राहणार? लोक म्हणतील, अरेरे, हाताची काय दशा झाली होती. मी तुमची अब्रू राखतेय असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी माझी राखत होते. रोज दुसऱ्यांचे पार्ट रिजेक्ट करणाऱ्या बाईच्या घरचा माल असा निघाला, हे मला चालणार नव्हतं. चाळीसच्या चाळीस रिजेक्ट केल्या मी.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. भोसरीत आमच्या पार्टांवर लेझरनं नंबर टाकून देणारा एक वर्कशॉपवाला आहे. घरातल्या जुन्या पातेल्यावर तुम्ही तरुणपणी टाकलेलं तुमचं स्वतःचं नाव होतं, त्याचा मी फोटो काढला. 'यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरं शेजारच्या मावशींकडच्या एका डब्यावर सापडली, तीही तुमच्याच हातची, दुसऱ्या कुणासाठी कोरलेली. त्या सगळ्याची कॉम्प्युटरवर जुळणी केली, तारीखही त्याच वळणात बसवली. नव्या चाळीस ताटल्या, एकसारख्या. एक ताटली करायला त्या मशीनला चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ लागला. वर्कशॉपवाला म्हणाला, "मॅडम, कोणी ओळखणार नाही." मी त्याला थँक्यू म्हटलं.

आणि खरंच कोणी ओळखलं नाही. वर्षश्राद्धाला पानं उठल्यावर मी एकेकाच्या हातात ताटली देत होते. शेठ आले होते, काठी टेकत. त्यांनी चष्मा वर करून काठ न्याहाळला आणि डोळे पुसले. म्हणाले, "हात कसा राखला बघा गड्यानं शेवटपर्यंत." आई शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "ह्येंनी सोता करून ठिवल्या व्हत्या?" मी नाही म्हणू शकत होते. तिथल्या तिथे, एका शब्दात. मी म्हटलं, "हो आई. तारीख तेवढी मी टाकली." तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तुम्ही गेल्यापासून बघितलं नव्हतं. फक्त आत्यानं काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हाताला लागत न्हाई गं काई." लेझरला खोली नसते, वरवर काळं उमटतं. मी म्हटलं, "नवीन मशीन होतं आत्या त्यांच्याकडे." तिनं मान डोलावली आणि ताटली पिशवीत घातली.

तेव्हापासून आई तिची ताटली देवापाशी ठेवते. वापरत नाही, कोणी नवीन घरी आलं की काढून दाखवते. "शेवटपत्तूर हात हालला न्हाई ह्यांचा." भाऊच्या मजल्यावर जेवढी बिऱ्हाडं बदलली तेवढ्यांना हे पाठ आहे. मी समोर असले की ती माझ्याकडे साक्षीला बघते, आणि मी मान हलवते. तुम्ही ज्या हाताचं थरथरणं तिच्यापासून लपवायला कपाला दोन हात लावायचात, ते मी तुमच्यामागेही तिच्यापासून लपवून ठेवलं. फरक एवढाच की तुम्ही ते तिला दाखवायचं ठरवलं होतंत. चाळीस वेळा कोरून, मी गेल्यावर बघ म्हणून. आणि मी ते माळ्यावर टाकलं.

जहाजावर परतले तेव्हा काकू केबिनच्या दारात वाट बघत उभ्या होत्या. "हात लावू नकोस कशाला. आधी डोक्यावरून अंघोळ. कपडे वेगळे ठेव." मी मुकाट्यानं अंघोळ केली. एरवी मी वाद घातला असता. संध्याकाळी जेवताना सगळ्यांनी फोटो दाखव म्हणून आग्रह केला. मी दाखवले, खास दाखवण्यापुरते काढलेले चाफ्याचे, कळसांचे, आणि त्या चांगल्या अक्षराच्या दगडाचे. मोकळ्या तारखेच्या दगडाचे मी सहा फोटो काढले होते. तेवढे भराभर पुढे ढकलले. यांनी विचारलं, ते काय होतं? म्हटलं, हललेत.

घरी आल्यावर दुसऱ्या शनिवारी, हे बाहेर गेलेले असताना, मी पोतं खाली काढलं. वर्तमानपत्रं पिवळी पडलीत, ताटल्यांना काही झालेलं नाही. तुमचं मशीन अजून चालतं, घुरघुरतं जास्त. एक ताटली घेतली, चप्पल काढली, टेबलापाशी बसले आणि तुम्ही गेलात ती तारीख टाकली. इतकी वर्षं हात लावला नव्हता तरी हातानं दगा दिला नाही. आकडे गोल, सरळ, एका रेषेत. ताटली उन्हात धरली आणि मला ते बघवेना. वर तुमची थरथरती अक्षरं आणि खाली माझे टापटीप आकडे, म्हातारा माणूस रस्ता ओलांडतोय आणि कोणीतरी त्याच्या पुढे झपाझप चालून दाखवतंय असं ते दिसत होतं. दुसऱ्या ताटलीवर मी मुद्दाम हात हलवत आकडे काढले. तेही जमलं नाही. नक्कल ती नक्कलच दिसते. मग पहिलीच फडक्यानं पुसली, पिशवीत घातली आणि रिक्षा करून रावेतला निघाले. आज आईला सगळं सांगायचं, आत्ताच, असं वाटभर घोकत होते. वाक्यंसुद्धा ठरवली होती.

आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. आता ती खुर्चीवर बसून मळते, गुडघे वाकत नाहीत. मी ताटली ओट्यावर ठेवली. तिनं हात धुतला, पदराला पुसला, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचलं. मी घोकलेलं पहिलं वाक्य तोंडात आलं होतं.

"ह्ये कोनी केलंय?" तिनं विचारलं. "किती वाकडं."

अण्णा, मला वाटतं मी त्या वेळी देवापाशी ठेवलेल्या त्या लेझरच्या ताटलीकडे बघितलं. आणि मी म्हटलं, "मी केलंय आई. क्रूझवरून आल्यावर वाटलं, एक तरी आपल्या हातानं करावी."

ती हसली. "सवय ऱ्हायली न्हाई तुझी. आन् त्येंच्यासारखं तुला जमनार व्हय?" तिनं ताटली जवळ घेतली आणि काठावरून अंगठा फिरवायला लागली. तुमच्या नावावरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. जिथे धार उठली होती तिथे तिचा अंगठा थांबत होता. बराच वेळ ती तेच करत बसली. कणकेचा गोळा सुकत चालला होता तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "पर लई जीव लावून केलंयस गं. हाताला लागतंय त्येंचं नाव." आणि ती ताटली तिनं त्याच कणकेवर झाकली. रोज वापरीन म्हणाली, ही काही दाखवायची न्हाई.

हे पत्र मी तिला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. दाखवणार नाही, आता ते मला कळलं आहे. उरलेल्या ताटल्यांपैकी ती मुद्दाम हात हलवून बिघडवलेली एक बाजूला ठेवली आहे, बाकी अडतीस परत बांधून ठेवल्या. त्यांचं काय करायचं हे तुम्ही सांगू शकत नाही आणि मला ठरवता येत नाही. आणि एक राहिलंच. जीव लावून केलंयस असं आई म्हणाली ना, तेव्हा मी खाली बघून नुसती हसले. ते कौतुकही मी घेतलं, अण्णा.